कवडीचे मोल आणि घाना

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशाच्या चलनाचे नाव आहे 'सेडी'. तिथल्या अकान भाषेत या शब्दाचे मूळ आहे कवडी. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातल्या माळेत असते तशीच कवडी. हिंदी महासागरातली ही वस्तू अटलांटिकच्या किनाऱ्यावर पोहोचली कशी? व्यापाराने. मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातल्या कवड्या युरोपीय जहाजे भरभरून नेत आणि तिथून त्या पश्चिम आफ्रिकेला जात. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापडही असेच फिरून तिथे पोहोचत असे. या कवड्या आणि हे कापड देऊन त्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली जात.

आपण टाकाऊ वस्तूला 'कवडीमोल' म्हणतो. त्या किनाऱ्यावर कवडी हे खरेखुरे नाणे होते आणि कवडीमोल ठरला होता तो माणूस. घानाचा इतिहास वाचताना मला म्हणूनच एक प्रश्न पुनःपुन्हा भेटतो. मालाचे मोल ठरवतो कोण? ज्याच्या मातीतून माल निघतो तो, की ज्याच्या गोदामात तो जाऊन पडतो तो? आज या देशाची ओळख मी याच प्रश्नाच्या अंगाने करून देणार आहे.

नकाशात पाहिले तर गिनीच्या आखाताला लागून, आयव्हरी कोस्ट आणि टोगो या दोन देशांच्या मधे घाना बसला आहे. उत्तरेला बुर्किना फासो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश, आणि 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 3 कोटी 8 लाख. दक्षिणेला दाट पावसाची जंगले, तिथे कोको आणि सोने. उत्तरेला कोरडा गवताळ मुलूख, तिथे आपल्यासारखीच ज्वारी आणि बाजरी. ब्रिटिशांनी या वसाहतीला 'गोल्ड कोस्ट' म्हणजे सुवर्णकिनारा असे नाव दिले होते. एखाद्या प्रदेशाला तिथून काय उचलायचे यावरूनच नाव द्यायचे, ही साम्राज्यांची जुनी रीत. शेजारच्या देशाचे 'आयव्हरी कोस्ट' म्हणजे हस्तिदंती किनारा हे नाव त्याच रीतीतले.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर 1471 मध्ये उतरले. सोन्याचा व्यापार एवढा किफायतशीर होता, की 1482 मध्ये त्यांनी एल्मिना येथे भक्कम किल्ला बांधला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. 1637 मध्ये डच लोकांनी हा किल्ला जिंकला आणि 1872 मध्ये तो ब्रिटिशांकडे गेला. दरम्यान सोन्याचा व्यापार मागे पडून माणसांचा व्यापार पुढे आला होता. किनाऱ्यावर ठिकठिकाणी किल्ले आणि गढ्या उभ्या राहिल्या. केप कोस्टच्या किल्ल्यात वर प्रार्थनामंदिर आणि खाली अंधारकोठड्या, अशी रचना आजही पाहायला मिळते. कोठडीतून जहाजाकडे उघडणाऱ्या दरवाजाला आज 'परत न येण्याचा दरवाजा' म्हणतात. हे किल्ले 1979 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती 1807 मध्ये. तोवर युरोपियनांनी माल विकत घेतला आणि स्थानिक राजांनी आणि दलालांनी तो पुरवला, हेही घानाचे इतिहासकार आज लपवत नाहीत.

या राज्यांत सर्वांत बलाढ्य होते ते असांते लोकांचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई टुटू या राजाने कुमासी ही राजधानी करून लहानमोठी राज्ये एकत्र आणली. या एकीचे प्रतीक म्हणजे सोन्याचे आसन, 'गोल्डन स्टूल'. या आसनावर कोणी बसत नाही, राजासुद्धा नाही. साऱ्या जमातीचा आत्मा त्यात वास करतो, अशी श्रद्धा आहे. ब्रिटिशांनी 1874 मध्ये कुमासी लुटून जाळली. 1896 मध्ये त्यांनी राजा प्रेंपेह याला कैद केले आणि पुढे हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर पाठवले. ब्रह्मदेशचा थिबा राजा रत्नागिरीला आणून ठेवला होता, त्याच धोरणाचा हा दुसरा नमुना. राजाला त्याच्या मातीपासून समुद्रापार नेऊन ठेवले की राज्य आपोआप थंड होते, असा तो हिशेब.

असांते मात्र थंड झाले नाहीत. 1900 मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन कुमासीला आला आणि ते सोन्याचे आसन आपल्या स्वाधीन करावे, अशी मागणी त्याने केली. तेव्हा एजिसूची राजमाता या असांतेवा पुढे झाली आणि तिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. ते युद्ध असांते हरले. राजमातेला सेशेल्सला धाडण्यात आले आणि 1921 मध्ये तिथेच तिचे निधन झाले. पण आसन इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाही. 1874 साली लुटलेले बरेच सोने मात्र लंडनच्या संग्रहालयांत पोहोचले. 2024 मध्ये त्यातल्या आणि इतर वस्तूंपैकी 32 वस्तू कुमासीच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आल्या. त्या परत केल्या म्हणावे तर तसेही नाही. तीन वर्षांच्या बोलीवर त्या उसन्या दिल्या आहेत. स्वतःच्याच घरातली वस्तू उसनी घ्यावी लागते, या व्यवहाराला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे.

सोन्याइतकीच घानाची ओळख आहे ती कोकोची. हे झाड मूळचे आफ्रिकेतले नाही. ते दक्षिण अमेरिकेतले. टेटे क्वार्शी नावाच्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसाने 1879 च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून आपल्या शेतात लावल्या, असे घानात मानले जाते. पुढचा पराक्रम हजारो छोट्या शेतकऱ्यांचा. मोठे गोरे मळेवाले नाहीत, सरकारी सक्ती नाही. जंगल साफ करून, नात्यागोत्यातली माणसे जमवून, पैसे साठवून त्यांनी जमिनी घेतल्या आणि 1911 पर्यंत गोल्ड कोस्ट हा कोको पिकवणारा जगातला पहिल्या क्रमांकाचा प्रदेश झाला. आफ्रिकन शेतकऱ्याला बाजार कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर नाही.

पण पीक शेतकऱ्याच्या हातात आणि भाव दुसऱ्याच्या. 1937 मध्ये कोको खरेदी करणाऱ्या बड्या युरोपीय कंपन्यांनी आपसात संगनमत करून खरेदीचा भाव पाडला. तेव्हा शेतकऱ्यांनी एकजुटीने कोको विकायचाच नाही असे ठरवले, आणि विलायती मालावर बहिष्कार टाकला. ही कोंडी 1938 पर्यंत चालली. शेवटी चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याने कंपन्यांच्या संगनमतावर ठपका ठेवला. घानाच्या स्वातंत्र्यलढ्याची पहिली तालीम मला या न विकलेल्या कोकोच्या पोत्यांत दिसते.

दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे हजारो तरुण ब्रिटिश फौजेत भरती झाले. त्यांतले पुष्कळजण ब्रह्मदेशच्या आघाडीवर, अराकानच्या जंगलात, भारतीय सैनिकांच्या बरोबरीने जपान्यांशी लढले. येताना-जाताना त्यांनी हिंदुस्थान पाहिला, इथली चळवळ पाहिली. घरी परतल्यावर मात्र नोकरी नाही, निवृत्तिवेतनाची आश्वासने हवेत, आणि महागाई आकाशाला भिडलेली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी हे माजी सैनिक गव्हर्नरला अर्ज द्यायला राजधानी अक्रामध्ये मोर्चाने निघाले. एका पोलिस अधिकाऱ्याने गोळीबार केला. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लँप्टी हे तिघे ठार झाले. अक्रात दंगल उसळली आणि इतर शहरांत पसरली. जपानी गोळ्यांतून वाचलेले हे सैनिक ज्यांच्यासाठी लढले त्यांच्याच गोळीने गेले. त्यानंतर साम्राज्याबद्दलचा उरलासुरला भ्रमही गेला.

ही संधी ओळखली ती क्वामे एन्क्रुमा यांनी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या या नेत्याने 1949 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला आणि 1950 च्या जानेवारीत संप, बहिष्कार आणि असहकार यांची मोहीम उघडली. त्यामागे गांधीजींची प्रेरणा होती, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांना तुरुंगात टाकले. 1951 ची निवडणूक ते तुरुंगातून जिंकले आणि थेट सरकारात गेले. 6 मार्च 1957 रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींपैकी स्वातंत्र्याचा हा पहिला मान. आफ्रिकेतल्या एका प्राचीन साम्राज्याचे 'घाना' हे नाव देशाला दिले. ते साम्राज्य खरे तर आजच्या माली आणि मॉरिटानियाच्या भूमीवर होते. पण भूगोलापेक्षा स्वाभिमान मोठा होता. सारा आफ्रिका मुक्त झाल्याशिवाय आपल्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, असे एन्क्रुमा त्या रात्री म्हणाले आणि संपूर्ण खंडाने ते ऐकले.

एन्क्रुमांना घाई होती. कच्चा माल विकून देश मोठा होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण बांधायला घेतले. 1966 च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. त्यामागे पसरलेले सरोवर सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे. मानवनिर्मित जलाशयांत क्षेत्रफळाने ते जगात अग्रगण्य आहे. सुमारे 80 हजार माणसांची गावे पाण्याखाली गेली. कोयना आणि उजनी पाहिलेल्या वाचकांना या आकड्यामागचे दुःख वेगळे सांगायला नको. या विजेवर टेमा बंदरात अॅल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला, पण तो अमेरिकन कंपन्यांचा. घानात बॉक्साइट भरपूर असताना या कारखान्यासाठी कच्ची भुकटी बाहेरून येई. देशाला मिळाली ती स्वस्तात वीज विकण्याची जबाबदारी. धरण आपले, नदी आपली, पाण्याखाली गेलेली गावे आपली, आणि विजेचा भाव मात्र वाटाघाटीत ठरलेला!

या सगळ्यासाठी पैसा आला कुठून? कोकोतून. 1947 मध्ये स्थापन झालेले कोको मंडळ शेतकऱ्यांकडून ठरावीक भावाने माल घेई आणि जगात चढ्या भावाने विकी. चांगल्या वर्षी शिल्लक टाकायची आणि वाईट वर्षी शेतकऱ्याला सावरायचे, हा त्यामागचा मूळ हेतू. व्यवहारात ती शिल्लक सरकारची तिजोरी बनली. 1954 मध्ये जगात कोको तेजीत असताना एन्क्रुमांच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव गोठवला, तेव्हा असांते प्रदेशात मोठा असंतोष उसळला. भाव पाडणारा परका गेला आणि भाव गोठवणारा आपला आला, असे शेतकऱ्याला वाटले तर त्याचे काय चुकले? पुढे मतभेदांना जागाच उरली नाही. 1958 च्या कायद्याने विनाचौकशी स्थानबद्धता आली. स्वातंत्र्यचळवळीतले ज्येष्ठ नेते जे. बी. डांक्वा 1965 मध्ये तुरुंगातच वारले. 1964 मध्ये देश एकपक्षीय झाला. त्याच सुमारास कोकोचे जागतिक भाव कोसळले. 24 फेब्रुवारी 1966 रोजी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली. ते मायदेशी परतले नाहीत. 1972 मध्ये बुखारेस्टला त्यांचा अंत झाला.

पुढची पंधरा वर्षे म्हणजे बंडांची मालिका. 1979 मध्ये जेरी रॉलिंग्ज या तरुण हवाई दल अधिकाऱ्याच्या बंडानंतर तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घालण्यात आल्या. रॉलिंग्ज यांनी सत्ता लोकनियुक्त सरकारला दिली आणि 1981 च्या शेवटच्या दिवशी पुन्हा हिसकावून घेतली. 1964-65 मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले कोकोचे उत्पादन 1983-84 मध्ये दीड-पावणेदोन लाखांवर आले. शेतकरी झाडांकडे पाहीनासे झाले, किंवा रातोरात माल सीमेपलीकडे नेऊ लागले. 1983 हे वर्ष घानाच्या माणसाला विसरता येत नाही. दुष्काळ, वणवे, उपासमार, आणि त्यात नायजेरियाने दहा लाखांच्या आसपास घानावासीयांना बाहेर काढले. ज्या चौकड्यांच्या स्वस्त पिशवीत संसार कोंबून ती माणसे परतली, त्या पिशवीला पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. त्याच वर्षी डाव्या विचारांचे म्हणवणारे रॉलिंग्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात गेले.

इथवरचा भाग ऐकून कोणी म्हणेल, आफ्रिकेची तीच ती कहाणी. मला नेमके याच्या उलट सांगायचे आहे. 1992 मध्ये घानाने नवी राज्यघटना स्वीकारली आणि तेव्हापासून तिथे बंड झालेले नाही. 2001 च्या जानेवारीत रॉलिंग्ज यांनी मुदत संपल्यावर विरोधी पक्षाच्या जॉन कुफुओर यांच्या हाती सत्ता दिली. 2008 ची निवडणूक नव्वद लाख मतांत जेमतेम चाळीस हजारांच्या फरकाने ठरली, आणि हरलेल्या पक्षाने ती मानली. 2012 च्या निकालाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सुनावणी लोकांनी घरबसल्या दूरदर्शन संचावर पाहिली आणि निकाल स्वीकारला. 2024 च्या डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाट न पाहता जॉन महामा यांचे अभिनंदन केले. उत्तरेला बुर्किना फासो आणि माली येथे लष्करशहा बसलेले असताना ही साधी वाटणारी गोष्ट किती अवघड आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

पण मताचा अधिकार सुरक्षित झाला तरी मोलाचा प्रश्न सुटला नाही. 2010 च्या अखेरीस समुद्रातले तेल निघू लागले, कर्ज सहज मिळू लागले, आणि सरकारे हात सैल सोडून खर्च करू लागली. वीज मात्र येईना. तिथल्या भारनियमनाला लोकांनी 'डुमसोर' असे नाव दिले, म्हणजे गेली-आली. 2022 च्या डिसेंबरमध्ये महागाईचा दर 54 टक्क्यांवर गेला आणि देशाने बरेचसे परदेशी कर्ज फेडणे थांबवले. सरकारी रोख्यांत आयुष्याची पुंजी ठेवलेले निवृत्त लोक 2023 च्या सुरुवातीला अर्थमंत्रालयासमोर उभे राहिले. त्यांत एक माजी सरन्यायाधीशही होत्या. मे 2023 मध्ये नाणेनिधीने तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. ही घानाची सतरावी खेप. 2025 मध्ये सेडी सावरला आणि महागाई एक आकडी झाली, ही समाधानाची बाब. पण त्यात सोन्याच्या चढ्या भावाचा वाटा मोठा आहे, आणि सोन्याचा भाव घाना ठरवत नाही.

कोकोचेही तेच. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. 2024 मध्ये जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. घानाच्या शेतकऱ्याला तेव्हा मिळत होता त्याचा जेमतेम पाव हिस्सा, कारण मंडळाने पीक आगाऊच, जुन्या भावाने विकून ठेवले होते. आणि विकायला पीक तरी कुठे होते? 2020-21 मधले दहा लाख टनांचे उत्पादन तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले होते. रोग, म्हातारी झाडे, लहरी पाऊस अशी कारणे होतीच. 2025 मध्ये भाव पुन्हा घसरू लागले. तेजीत हात रिकामे आणि मंदीत झळ पूर्ण, हे गणित कांदा पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

पीक घटण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत चिंतेचे. तिथे 'गलामसे' हा शब्द आहे. 'गोळा करा आणि विका' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश. विनापरवाना सोने काढणे म्हणजे गलामसे. पूर्वी हे काम घमेली-फावड्यांनी चाले. आता परदेशी, विशेषतः चिनी, पैसा आणि यंत्रे आली आहेत. कोकोची बाग खणून काढली जाते, माती धुतली जाते, सोने पकडायला पारा वापरला जातो. प्रा, अंकोब्रा, ऑफिन या नद्या गढूळ पिवळ्या झाल्या आहेत. कोकोच्या पिकासाठी वर्षभर थांबणाऱ्या शेतकऱ्याला खाणवाला रोख रक्कम देतो. भाव नसलेल्या पिकाची राखण तो का करील? 2025 मध्ये सरकारने सोन्याच्या खरेदीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि परदेशी व्यापाऱ्यांना स्थानिक बाजारातून दूर केले. त्याच वर्षी 6 ऑगस्टला बेकायदा खाणकामाविषयीच्या कार्यक्रमाला जाताना हेलिकॉप्टर कोसळून संरक्षणमंत्री आणि पर्यावरणमंत्र्यांसह आठजण गेले. लढाई किती वरपर्यंत पोहोचली आहे, ते यावरून दिसते.

आपला याच्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. घानाच्या सोन्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत स्वित्झर्लंड आणि अमिरातीच्या बरोबरीने भारत आहे. कोकण आणि गोव्यातल्या काजू कारखान्यांना इथली बी पुरत नाही. पश्चिम आफ्रिकेतून कच्ची बी येते, इथे सोलली जाते आणि काजूगर म्हणून विकली जाते. म्हणजे या व्यवहारात आपण गोदामाच्या बाजूला आहोत. 2016 मध्ये अक्राच्या विद्यापीठात गांधीजींचा पुतळा बसवला होता. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आफ्रिकनांविषयी केलेल्या लिखाणावर तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला आणि 2018 मध्ये तो काढला गेला. एन्क्रुमांच्या देशात असे व्हावे, याचे अनेकांना वाईट वाटले. मला त्यात एक सूचना दिसते. जुन्या मैत्रीचे व्याज खाऊन आपल्याला चालणार नाही. आजचा आपला व्यवहार कसा आहे, हे ती मुले पाहणार.

घाना उपाय शोधतो आहे. आयव्हरी कोस्टशी हातमिळवणी करून त्याने 2019 मध्ये कोकोच्या प्रत्येक टनामागे शेतकऱ्यासाठी चारशे डॉलर जादा मागितले. टेमाचा सरकारी कारखाना स्वतःच्या कोकोचे चॉकलेट बनवतो. ही पावले लहान आहेत, आणि सरकारे चुकतातही. पण चुकलेल्या सरकारला घरी बसवण्याचे साधन तिथल्या माणसाने तीस वर्षांहून अधिक काळ जपले आहे. आपल्या मताचे मोल त्याला ठरवता येऊ लागले आहे. आपल्या मालाचे मोल ठरवण्याचा दिवस अजून यायचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)